चौकटीच्या वहीतले विश्व

दोन वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावच्या हायस्कुलात आम्ही व्याख्यानाला गेलो होतो. द्रवपदार्थांचे वर्तन संगणकावर कसे अभ्यासतात, हा विषय होता. व्याख्यान संपल्यावर नववीतला एक मुलगा उठला आणि म्हणाला, “सर, तुम्ही कॉम्प्युटरमध्ये पाणी तयार करता. त्या पाण्याला कळत असेल का, की आपण कॉम्प्युटरमध्ये आहोत? आणि आपणच तसे असलो, तर आपल्याला कसं कळणार?” वर्गात हशा पिकला. कोणीतरी त्याला खाली बसवले. आम्हीही वेळ मारून नेली. हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न झाला, विज्ञानाचा नव्हे, असे काहीतरी सांगितले आणि चहाला गेलो.

परतीच्या एस.टी.त मात्र चुटपुट लागली. त्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आम्हाला वीस वर्षांपूर्वी स्वतःच्याच फजितीतून मिळाले होते आणि ते आम्ही त्या मुलाला दिले नव्हते.

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी आम्ही वाफेतून थेंब कसा बनतो याचे प्रतिरूप संगणकात उभे करत होतो. प्रतिरूप म्हणजे ज्याला सगळे सिम्युलेशन म्हणतात ते. अवकाशाच्या जागी चौकटींची जाळी घ्यायची, प्रत्येक चौकटीत द्रव आहे की वाफ एवढेच लिहायचे, आणि शेजारच्या चौकटी पाहून पुढच्या क्षणी काय होईल याचा नियम लावत राहायचे. थेंब गोल व्हायला हवा. पृष्ठताणाचा धडा शिकवताना आपण मुलांना हेच सांगतो. पण तापमान कमी करत नेले तसा आमचा थेंब चौकोनी होऊ लागला. काही तरी नवे सापडले म्हणून दोन दिवस आम्ही हुरळून गेलो. तिसऱ्या दिवशी मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला, “जाळी पंचेचाळीस अंशांनी फिरवून पाहिलीस का?” फिरवली. थेंबाचे कोपरेही तेवढेच फिरले. तो चौकोन पाण्याचा नव्हता, जाळीचा होता.

म्हणजे त्या थेंबात राहणारा एखादा जीव असता, तर संगणकाबाहेर डोके न काढताही त्याला काहीतरी चुकचुकले असते. आपल्या जगात सगळ्या दिशा सारख्या नाहीत, दोन दिशा लाडक्या आहेत, हे त्याला मोजून कळले असते. आपल्या विश्वाविषयी असे मोजमाप कोणी केले आहे का? केले आहे.

सगळे विश्वच एखाद्या जाळीवर गणित करत चालले असावे, हे गांभीर्याने मांडणारा बहुधा पहिला माणूस भौतिकीतला नव्हता. बर्लिनचा कोनराड त्सूझे (१९१०–१९९५) हा शिक्षणाने बांधकाम अभियंता. विमान कारखान्यात नोकरी करताना तीच ती आकडेमोड करून तो कंटाळला आणि १९३६ च्या सुमारास आईवडिलांच्या दिवाणखान्यात पत्र्याच्या पट्ट्या जोडून गणकयंत्र बनवू लागला. मे १९४१ मध्ये पुरे झालेले त्याचे ‘झेड-३’ हे यंत्र टेलिफोनमध्ये वापरत तशा रिलेंवर चाले. आज्ञावलीनुसार आपोआप चालणारा पहिला कार्यरत संगणक म्हणून त्याचे नाव घेतले जाते. १९४३ च्या बॉम्बवर्षावात ते यंत्र नष्ट झाले.

१९६७ साली त्सूझेने एका जर्मन नियतकालिकात एक लेख लिहिला, आणि १९६९ मध्ये त्याचे छोटे पुस्तक झाले: ‘रेश्नेन्डर राउम’, म्हणजे गणित करणारे अवकाश. कल्पना अभियंत्याच्या रोजच्या सवयीतून आलेली आहे. पुलावरचा ताण असो की पंखावरून जाणारी हवा, आपण समीकरण लिहितो ते अखंड अवकाशासाठी, पण संगणकाला देताना अवकाशाचे आणि काळाचे तुकडे करतो. त्सूझे म्हणाला, हे उलटे असले तर? निसर्गच मुळात तुकड्यांवर काम करत असेल, आणि अखंड समीकरणे ही आपण नंतर शोधलेली सोय असेल तर? त्याने जाळीवरून सरकत जाणाऱ्या आकृत्यांना ‘अंकीय कण’ मानून त्यांच्या टकरींची कोष्टके मांडली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने १९७० मध्ये पुस्तकाचे भाषांतर करून घेतले, तरी भौतिकशास्त्रज्ञांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

जाळी ही त्सूझेची एकट्याची नव्हती. १९४० च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनिस्लाव उलाम याच्या सूचनेवरून जॉन फॉन नॉयमन याने चौकटींच्या जाळीवर स्वतःची प्रत काढणारे यंत्र कागदोपत्री रचले होते. त्यातली प्रत्येक चौकट २९ अवस्थांपैकी एका अवस्थेत असे. सर्वांत गाजली ती मात्र केंब्रिजच्या जॉन कॉनवेची जाळी. ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या ऑक्टोबर १९७० च्या अंकात मार्टिन गार्डनरने आपल्या सदरातून ती ‘जीवनाचा खेळ’ या नावाने जगापुढे आणली. हा खेळ वर्गात खेळण्याजोगा आहे, म्हणून नियम देतो.

आलेख कागद घ्या. प्रत्येक चौकट भरलेली किंवा रिकामी. प्रत्येकीला आठ शेजारी, कोपऱ्यावरचेही धरायचे. रिकाम्या चौकटीच्या शेजारी नेमक्या तीन भरलेल्या असतील तर ती पुढच्या पिढीत भरते. भरलेल्या चौकटीच्या शेजारी दोन किंवा तीन भरलेल्या असतील तर ती टिकते, एरवी रिकामी होते. सगळ्या चौकटींचा निर्णय एकाच वेळी करायचा, म्हणून प्रत्येक पिढीला नवा कागद घेतलेला बरा. आता एका ओळीत सलग तीन चौकटी भरा. उजव्या टोकाच्या चौकटीच्या लगेच वरची एक भरा, आणि मधल्या चौकटीपासून वर मोजत दुसरी जी येते तीही भरा. ही पाच चौकटींची आकृती चार पिढ्यांनंतर जशीच्या तशी परत येते, पण एक घर उजवीकडे आणि एक घर खाली सरकलेली. हिला ग्लायडर म्हणतात. अशी सरकणारी वस्तू नियमांत कोठेही लिहिलेली नाही, ती आपोआप निघते. कोणतीही आकृती अमर्याद वाढू शकते की नाही हे दाखवणाऱ्यास ५० डॉलरचे बक्षीस होते. ते एमआयटीतील बिल गॉस्परच्या गटाने त्याच वर्षी नोव्हेंबरात, ग्लायडर सोडत राहणारी ‘तोफ’ शोधून जिंकले.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. समजा ग्लायडरला डोके आहे. आपण आलेख कागदावर आहोत हे त्याला कसे कळेल? या खेळात कोणताही परिणाम एका पिढीत एका चौकटीपलीकडे जाऊ शकत नाही. तो त्या जगाचा प्रकाशवेग समजा. कागदाच्या मधोमध एक चौकट रंगवा आणि पाच पिढ्यांत तिचा परिणाम जेथवर पोचू शकेल त्या सर्व चौकटी रंगवा. अकरा गुणिले अकराचा चौरस मिळेल. आता पट्टी घेऊन मोजा. बाजूच्या दिशेला अंतर पाच घरे, कोपऱ्याच्या दिशेला सुमारे सात. तिरक्या दिशेने ‘प्रकाश’ १.४१ पट वेगाने जातो! तिथल्या भौतिकशास्त्रज्ञाला संगणकाची कल्पना असायची गरज नाही. त्याने निरनिराळ्या दिशांना प्रकाशाचा वेग मोजावा, पुरे.

आपल्याकडे हे मोजमाप जाळीचा विचारही कोणाच्या मनात नसताना सुरू झाले. १८८१ मध्ये अल्बर्ट मायकेलसनने बर्लिनमध्ये, आणि रस्त्यावरच्या रहदारीचे हादरे बसू लागल्यावर जवळच्या पोट्सडाममध्ये, परस्परांशी काटकोन करणाऱ्या दोन दिशांतल्या प्रकाशवेगांची तुलना केली. १८८७ मध्ये मॉर्लीबरोबर क्लीव्हलंडला केलेला सुधारित प्रयोग आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो. ते ईथरचा वारा शोधत होते. फरक सापडला नाही. पुढच्या पिढ्यांनी हा प्रयोग सोडला नाही. २००९ साली बर्लिनच्याच हुम्बोल्ट विद्यापीठात फिरत्या मंचावर प्रकाशाच्या दोन पोकळ्या आडव्या-उभ्या ठेवून तो केला गेला. दोन दिशांच्या वेगांत १ वर १७ शून्ये इतक्या भागांतल्या एका भागाएवढाही फरक दिसला नाही.

मग प्रश्न मिटला का? नाही, आणि येथे घाई करणाऱ्यांची फसगत होते. मलमलीवरून हात फिरवला तर ताणाबाणा जाणवत नाही. सुईचे टोक फिरवले तर अडखळते. एखादी लाट हजारो चौकटी व्यापत असेल तर तिला जाळीची दिशा जवळजवळ कळत नाही. जाळीचा परिणाम चौकटीच्या लांबीला लाटेच्या लांबीने भागले असता जे येते त्याच्या वर्गाप्रमाणे घटत जातो. दृश्य प्रकाशाची लाट सेंटिमीटरच्या सुमारे वीस हजाराव्या भागाएवढी असते. भौतिकीत सर्वांत लहान मानली जाणारी प्लांकची लांबी तिच्या तुलनेत इतकी सूक्ष्म आहे, की तेवढी बारीक जाळी बर्लिनच्या प्रयोगाला कधीच दिसणार नाही. आपल्याला सुई हवी, म्हणजे अतिशय आखूड लाट, म्हणजे अतिशय मोठी ऊर्जा.

मे १९८१ मध्ये एमआयटीच्या एंडिकॉट हाऊस या वास्तूत ‘गणनाचे भौतिकशास्त्र’ या विषयावर एक छोटी परिषद झाली. तिच्या समूहछायाचित्रात रिचर्ड फाइनमन, जॉन व्हीलर, फ्रीमन डायसन आहेत, आणि सत्तरीतला त्सूझेही आहे. चौदा वर्षांनी का होईना, त्याला श्रोते मिळाले. यामागचा एक सूत्रधार एडवर्ड फ्रेडकिन (१९३४–२०२३) हा विलक्षण गृहस्थ होता. महाविद्यालय अर्धवट सोडलेला, हवाईदलात वैमानिक झालेला, आणि पदवीवाचून एमआयटीत प्राध्यापक झालेला. विश्व हे जाळीवरचे गणित आहे असे तो उघडपणे म्हणे. १९७४-७५ च्या सुमारास तो फाइनमनकडे वर्षभर राहिला होता. ठरले असे होते की फाइनमनने त्याला क्वांटम सिद्धान्त शिकवावा आणि त्याने फाइनमनला संगणक.

फाइनमनचे त्या परिषदेतले भाषण १९८२ मध्ये छापून आले. त्याने प्रश्न असा घेतला, की भौतिक जगाचे हुबेहूब प्रतिरूप संगणकात उभे राहू शकते का? जाळी घेतली की प्रकाशाचा वेग दिशेवर थोडा अवलंबून राहील आणि ते प्रयोगात पकडता यावे, हे त्याने सुरुवातीलाच नोंदवले. पण त्याचा खरा रोख दुसऱ्या अडचणीवर होता.

बुद्धिबळाच्या पटावर दाणे दुप्पट करत जाण्याची गोष्ट आपण मुलांना सांगतो. क्वांटम सिद्धान्त तीच गोष्ट सांगतो. दोनच अवस्था असलेले कण घ्या, चुंबकाच्या सुईसारखे, वर किंवा खाली. साध्या जगात दहा कणांची स्थिती लिहायला दहा नोंदी पुरतात. क्वांटम जगात कण एकमेकांत गुंतलेले असतात आणि वर-खालीच्या प्रत्येक संभाव्य मांडणीसाठी एक वेगळी संख्या ठेवावी लागते. दहा कणांना १,०२४ संख्या. वीस कणांना दहा लाखांवर. चाळीस कणांना एक लाख कोटींहून अधिक. तीनशे कणांना लागणाऱ्या संख्या दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंपेक्षा जास्त होतात. आणि तीनशे कण म्हणजे किती? चिमूटभर मिठातसुद्धा याच्या कोट्यवधी कोटी पट अणू असतात. त्सूझेच्या किंवा आमच्या टेबलावरच्या संगणकासारखे यंत्र हे हिशेब ठेवू शकणार नाही. यंत्र स्वतःच क्वांटम नियमांनी चालणारे असेल तर गोष्ट वेगळी, असे फाइनमन म्हणाला. आज ज्या क्वांटम संगणकांचा गाजावाजा चालू आहे, त्यांच्या मूळ प्रेरणांपैकी हे भाषण एक आहे.

या शंकेची किंमत आम्हाला मोठी वाटते. ‘विश्व म्हणजे संगणक’ हे वाक्य ऐकायला सोपे आहे. कोणत्या प्रकारचा संगणक, हे विचारले की लगेच अटी येऊ लागतात. चौकटींच्या जाळीवर ० आणि १ लिहिणारे साधे यंत्र, ही त्सूझेची मूळ कल्पना त्या अटींत बसत नाही.

जाळीच्या दिशांचे काय झाले, ती गोष्ट १९८६ मध्ये एका अनपेक्षित वळणावर गेली. १९७३ मध्ये आर्दी, पोमो आणि द पाझी यांनी चौकोनी जाळीवर धावणारे, टक्कर झाली की काटकोनात वळणारे ठिपके घेऊन वायूचे प्रतिरूप केले होते. ठिपक्यांची गर्दी कितीही वाढवली, चौकटी कितीही बारीक केल्या, तरी त्या वायूचा प्रवाह खऱ्या वायूसारखा होईना; चौकोन वर डोकावेच. १९८६ मध्ये फ्रिश, हासलाखर आणि पोमो यांनी एवढेच केले की चार दिशांच्या ऐवजी सहा दिशा घेतल्या, मधमाशांच्या पोळ्यासारख्या. आणि गर्दीचे वागणे एकदम खऱ्या द्रवाचे झाले! चारांवरून सहांवर गेल्याने जाळी लपली. आमचा चौकोनी थेंब आठवून हा शोधनिबंध आम्ही दोनदा वाचला होता. गंमत पुढेच आहे. तीन मितींत असे काम करील अशी एकही नियमित जाळी नाही. शेवटी दूमिएर, लालमाँ आणि फ्रिश यांना चार मितींतली जाळी घेऊन तिची सावली तीन मितींत पाडावी लागली. विश्वाचा प्रोग्रॅमर कोणी असलाच, तर त्याला कागद निवडतानाच घाम फुटला असणार.

दुसरी अडचण कणभौतिकीतून आली. निसर्गातले क्षीण बल डावे आणि उजवे यांत भेद करते, हे १९५७ मध्ये वू यांच्या प्रयोगाने दिसले होते. १९८१ मध्ये नील्सन आणि निनोमिया यांनी दाखवले, की साध्या जाळीवर डावखुरा कण ठेवायला गेलो तर त्याचा उजवा जोडीदार न बोलावता येऊन बसतो. यावर युक्त्या निघाल्या आहेत, पण सर्वांना मान्य अशी संपूर्ण रीत अजून नाही.

२००३ साली ऑक्सफर्डमधील तत्त्वज्ञ निक बॉस्ट्रॉम याच्या एका निबंधाने हा विषय घरोघरी पोचवला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: पुढारलेल्या संस्कृती पूर्वजांची प्रतिरूपे चालवण्याइतक्या टिकतच नाहीत, किंवा टिकल्या तरी त्यांना तशी हौस नसते, किंवा आपण जवळजवळ नक्कीच प्रतिरूपात आहोत, या तिन्हींपैकी एक तरी खरे असले पाहिजे. लोकांनी फक्त तिसरे लक्षात ठेवले. युक्तिवाद चतुर आहे. आमची तक्रार एवढीच, की तो मनांची मोजदाद करतो, मोजमाप कशाचेही सुचवत नाही. शिवाय बाहेरच्या जगातला संगणक काय करू शकेल हे तो आपल्या जगातल्या भौतिकीवरून ठरवतो, आणि आपले जग खोटे असेल तर तो आधारच उरत नाही.

मोजमाप सुचवले ते जाळीवर काम करणाऱ्यांनी. केनेथ विल्सनने १९७४ मध्ये क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या प्रबळ बलाचा अभ्यास चार मितींच्या जाळीवर मांडला होता. २००८ पर्यंत ही पद्धत इतकी सुधारली, की प्रोटॉनचे वस्तुमान काही टक्क्यांच्या आत गणिताने काढता आले. हे प्रतिरूप ज्या पेटीत चालते ती पेटी दोनचार प्रोटॉन मावतील एवढीच असते! २०१२ मध्ये सायलस बीन, झोहरे दावूदी आणि मार्टिन सॅव्हेज या तिघांनी विचारले: आपले विश्व अशाच, पण प्रचंड मोठ्या घनाकार जाळीवर चाललेले असेल, तर कोठे दिसेल? त्यांचे उत्तर होते, सर्वांत ऊर्जावान वैश्विक किरणांत. हीच ती सुई.

वैश्विक किरण म्हणजे अवकाशातून येणारे प्रोटॉन आणि इतर अणुकेंद्रके. ऑक्टोबर १९९१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यातल्या ‘फ्लाइज आय’ वेधशाळेने टिपलेल्या अशा एका कणाची ऊर्जा सुमारे ५० ज्यूल होती. क्रिकेटचा चेंडू ताशी ९० किलोमीटर वेगाने टाकला तर त्यात एवढी ऊर्जा असते; येथे ती एका अणूहूनही लक्षपट लहान कणात होती. असा कण वातावरणावर आदळला की कोट्यवधी कणांचा वर्षाव होतो. हा वर्षाव पायरीपायरीने कसा वाढतो, याचे गणित १९३७ मध्ये आपल्या होमी भाभांनी हाइटलरबरोबर मांडले होते.

जाळीवर कोणत्याही लाटेची लांबी दोन चौकटींहून कमी असू शकत नाही, म्हणून कणांच्या ऊर्जेला कमाल मर्यादा पडते. वैश्विक किरणांची संख्या ५ वर १९ शून्ये इतक्या इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पुढे खरोखरच झपाट्याने घटते. मात्र त्याचे सरळ कारण ग्रायसेन, झात्सेपिन आणि कुझमिन यांनी १९६६ सालीच वर्तवले होते: इतके वेगवान प्रोटॉन विश्वभर पसरलेल्या सूक्ष्मलहरींच्या फोटॉनांवर आपटून ऊर्जा गमावतात. तेव्हा जाळी असलीच, तर ती या ऊर्जेलाही सामावून घेण्याइतकी बारीक हवी. बीन आणि सहकाऱ्यांच्या हिशेबाने तिची चौकट प्रोटॉनच्या साधारण एक लाख कोटीव्या भागाएवढी किंवा त्याहून लहान असली पाहिजे. आणि चौकट त्या मर्यादेच्या जवळपास असेल, तर सर्वांत ऊर्जावान किरण सर्व दिशांनी सारखे येणार नाहीत. आकाशात घनाच्या अक्षांचा नमुना उमटेल. चौकोनी थेंबच, फक्त आकाशाएवढा.

अर्जेंटिनात ३,००० चौरस किलोमीटरवर पाण्याच्या टाक्या पसरून उभारलेल्या पियेर ऑजे वेधशाळेने २०१७ मध्ये दिशांचा पहिला ठोस फरक जाहीर केला. ८ वर १८ शून्ये इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पुढचे किरण आकाशाच्या एका अंगाने थोडे जास्त आणि विरुद्ध अंगाने थोडे कमी येतात. फरक सुमारे साडेसहा टक्के. हा घनाचा नमुना नाही. घनाला एकमेकांसमोरची तोंडे सारखीच असतात, येथे एक बाजू जड आहे. जास्तीची दिशाही आपल्या आकाशगंगेच्या केंद्रापासून सुमारे १२० अंश दूर आहे. यावरून किरण आकाशगंगेबाहेरून येतात हे कळले, आणि तीच मोठी बातमी ठरली. घनाचे अक्ष आजवर दिसलेले नाहीत.

याच काळात आणखी एक सुई हाती आली. १० मे २००९ रोजी फर्मी उपग्रहाने एका गॅमा स्फोटातून निघालेला, साध्या प्रकाशाहून दहा अब्जपटीपेक्षा जास्त ऊर्जेचा एक फोटॉन टिपला. सात अब्ज वर्षांहून अधिक काळ प्रवास करूनही तो कमी ऊर्जेच्या फोटॉनांच्या मागे सेकंदाहून जास्त रेंगाळला नव्हता. जाळीवर आखूड लाटा मागे पडतात. वेगातला हा फरक ऊर्जेच्या सरळ प्रमाणात वाढत असेल, तर प्लांकच्या लांबीएवढे बारीक तुकडेही या निरीक्षणात बसत नाहीत. तो ऊर्जेच्या वर्गाच्या प्रमाणात असेल, आणि साध्या चौकोनी जाळीत तसाच असतो, तर हे बंधन पुष्कळ ढिले पडते. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत दुसरे वाक्य सहसा नसते.

एक शंका उरते, आणि चांगला विद्यार्थी ती काढतोच. चालवणारा हुशार असेल आणि आपण मोजायला गेलो की ठसे पुसत असेल तर? १८५७ साली फिलिप गॉस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने असेच पुस्तक लिहिले होते. पृथ्वी अलीकडेच निर्माण झाली, पण जीवाश्मांसकट, जणू जुनी असल्यासारखी निर्माण झाली, असे त्याचे म्हणणे. ते खोडता येत नाही. म्हणूनच भूशास्त्रज्ञांनाही त्याचे काही करता आले नाही आणि धर्मशास्त्र्यांनाही. दोन वर्षांनी डार्विनचे पुस्तक आले आणि लोक जीवाश्म मोजायला परत गेले. ठसे पुसणाऱ्या प्रोग्रॅमरविषयी आम्हाला एवढेच म्हणता येते, आणि त्या दुपारी आम्ही दिलेले ‘तत्त्वज्ञानाचा प्रश्न’ हे उत्तर फक्त त्याच्यापुरते खरे होते. ठसे न पुसणाऱ्या जाळीविषयीचा प्रश्न विज्ञानाचाच होता.

हे सगळे आम्ही त्या मुलाला पत्राने कळवले. सोबत ग्लायडर काढलेले आलेख कागद आणि एक पोळ्यासारख्या षटकोनांचा कागद पाठवला. तो बाजारात मिळेना, म्हणून हाताने आखला होता. महिन्याने उत्तर आले. षटकोनी कागदावर पाच पिढ्या रंगवून त्याने पट्टीने मोजले होते. सर्वांत लांबची आणि सर्वांत जवळची कड यांचे प्रमाण त्याला १.४१ ऐवजी सुमारे १.१५ मिळाले होते, आणि ते बरोबर आहे. खाली लिहिले होते, “सर, सहा दिशांनी जाळी लपते असं तुम्ही लिहिलंत, पण मला अजून दिसते आहे.” खरेच आहे. गर्दीचा प्रवाह गोल होतो. एकट्या, सर्वांत वेगवान ठिपक्याला षटकोन दिसतच राहतो. वैश्विक किरणांपैकी सर्वांत ऊर्जावान तेवढे निवडून का पाहतात, हे त्याला आम्ही पुढच्या पत्रात लिहिले.